कराड–मिरज

आईच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवर ६३ बाटल्या होत्या. कुठली खोकल्याच्या औषधाची, कुठली शाईची, कुठली लोणच्याची. प्रत्येकीत माती नाहीतर वाळू, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा. त्यावर नंबर, गाव, तारीख, अक्षांश, रेखांश. अक्षर फळ्यावर काढायची तेच, ठसठशीत. ती गेल्यावर तिच्या आठवणींची एक पुस्तिका करायची असं मी आणि धाकट्या भावाने ठरवलं, आणि त्या कामाची सुरुवात या बाटल्या पुसण्यापासून झाली. पुस्तिका छापून व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षाबद्दल हे लिहिते आहे.

आईने कराडच्या एका हायस्कूलमध्ये ३५ वर्षं भूगोल शिकवला, १९७३ ते २००८. भूगोलच का, हे ती दरवर्षी ११ डिसेंबरला वर्गात सांगायची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती १७ वर्षांची होती, पाटण तालुक्यातल्या आपल्या घरात झोपलेली. आजोबांनी तिला दंडाला धरून अंगणात ओढलं आणि मागे माजघराची भिंत बसली. धरणामागे साठलेल्या पाण्याचा आणि या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात, जगभर यासाठी कोयनेचं उदाहरण देतात, हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं. "आमच्या पायाखालची जमीन का हलली ते त्या दिवशी आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी शिकायला गेले," असं ती म्हणायची. आणि शिकवायला लागल्यावर तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. पुस्तकातून मुलांना जे सांगायचं ते आधी आपल्या डोळ्यांनी बघून यायचं.

शिक्षिकेच्या पगारात, दोन मुलं आणि सासूबाई सांभाळून हा नियम पाळायचा म्हणजे मे महिना आणि दिवाळीची सुट्टी. बाबा एसटी डेपोत लिपिक होते. दिवसभर गाड्याच बघून त्यांना प्रवासाचा कंटाळा होता, पण आईला त्यांनी कधी अडवलं नाही. ती नसताना ते स्वयंपाक करायचे, आणि ती कुठे पोहोचली असेल ते आम्हाला भिंतीवरच्या नकाशात बोटाने दाखवायचे.

जानेवारी २०२४ मध्ये, रात्री दोनच्या सुमाराला आई घरीच गेली. नेत्रदानाचा फॉर्म तिने पुष्कळ आधी भरून ठेवला होता आणि नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवला होता. त्या क्षणी फोन उचलायला हात होत नव्हता, तरी धाकट्याने तो उचलला. सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं ते आम्ही केलं: पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली दोन उशा. पहाटे दोघंजण आले, मुलांची आणि साक्षीदारांची सही घेतली, थोडं रक्त घेतलं. वीस-पंचवीस मिनिटांत झालं. मावशी बाहेर बसून घाबरत होती, तिला वाटत होतं चेहरा बिघडेल. काहीसुद्धा बिघडला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा असलेला, तरी चालतं हे मला त्या रात्री कळलं. देशभर बघत हिंडलेले डोळे मागे राहिले, याचं मला पुढे कित्येक दिवस बरं वाटत होतं. अजूनही वाटतं.

दुसरी चिठ्ठी अस्थींबद्दल होती. "कृष्णेत काही टाकू नका. नदीत काय काय जातं ते मी ३५ वर्षं शिकवलंय. राख झाडाला घाला." कराडात प्रीतिसंगमाच्या इतकं जवळ राहून अस्थी संगमात सोडायच्या नाहीत, हे काही नातेवाइकांना पटलं नाही, आणि एका काकांनी तर तेराव्याला यायचंच टाळलं. पण चिठ्ठी आईची होती. गावच्या शेतात विहिरीजवळ आम्ही आंब्याचं रोप लावलं आणि त्या खड्ड्यात राख घातली.

मग दाखल्यांचे दिवस. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, ती केली. दाखल्यात तिचं नाव चुकीचं आलं आणि ते दुरुस्त करायला एका कार्यालयात आम्हाला चार खेपा झाल्या. पेन्शन थांबवण्यासाठी कोषागाराला कळवलं. नोव्हेंबरातला तिचा हयातीचा दाखला फाइलमध्ये सगळ्यात वर होता. त्यावरची सही मी किती वेळ बघत बसले होते, सांगता येत नाही.

पुस्तिकेची कल्पना तिच्या विद्यार्थ्यांकडून आली. बाई गेल्या हे कळल्यावर फोनवर निरोपांचा ओघ लागला. कुणी कंडक्टर, कुणी नर्स, कुणी लष्करात, एक जण ऊसतोडणीचा मुकादम. बहुतेकांना बटाटा आठवत होता. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवताना आई वर्गात एक मोठा बटाटा घेऊन जायची, उभा कापायची, अर्धा भाग टेबलावर पालथा ठेवायची. हा डोंगर. मग त्याच्या आडव्या चकत्या करायची आणि एकेक चकती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. एकात एक रेघा उमटायच्या. जिथे चढ उभा तिथे रेघा जवळ, जिथे उतार सावकाश तिथे लांब. "बाई, मी कारगिलला नकाशा उघडला की मला बटाटा दिसायचा," असं एकाने लिहिलं. ते वाचून मी आणि धाकटा, आई गेल्यावर पहिल्यांदाच, एकत्र हसलो.

विद्यार्थ्यांचं लिखाण माझ्याकडे येत गेलं. आईचा स्वतःचा प्रवास मात्र आम्हालाच मांडायचा होता. त्यासाठी बाटल्या, आणि बाटल्यांसोबत नऊ वह्या. दोनशे पानी, प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, कुठून, कुठे, गाडी सुटली, पोहोचली, भाडं, आणि शेवटचा मोठा रकाना 'काय पाहिलं'.

बाटली क्रमांक ४ हुबळीची आहे. १६ फेब्रुवारी १९८०, खग्रास सूर्यग्रहण. त्या दिवशी मुंबईचे रस्ते ओस पडले होते, लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी तीन वर्षांची होते. लेकुरवाळी बाई ग्रहणात घराबाहेर पडते म्हणून आजीने दोन दिवस अन्न टाकलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा ऐकलेली. आई शाळेतल्या दोन बाईंना घेऊन मिरजेला गाडी बदलून मीटरगेजने हुबळीला गेली. रकान्यात तिने लिहिलंय: "दोन मिनिटांहून अधिक. पाखरं झाडावर. शेजारचा म्हातारा रडला. सावलीच्या कडा आधी धारदार झाल्या, हे पुस्तकात नाही."

'हे पुस्तकात नाही' हे शब्द त्या वह्यांत जागोजागी आहेत. अमरकंटकला नर्मदेच्या उगमापाशी लिहिलेत: नर्मदा पश्चिमेला आणि शोण दुसरीकडे, दोघी एकाच डोंगरातल्या, आणि इथला पुजारी त्यांच्या रुसव्याची गोष्ट सांगतो. जैसलमेरला लिहिलेत: रात्री वाळू इतकी गार की पाय टाकवत नाही. निवृत्तीनंतरच्या जुलैत ती चेरापुंजीला गेली. तिथे बायका बांबूचं कवच पाठीवर घेऊन पावसात वाकून शेतात काम करतात, ते कवच तिने पाठीवर घेऊन पाहिलं. महाबळेश्वरचा पाऊस सुमारे सहा हजार मिलिमीटर, तिथला जवळजवळ दुप्पट. पण कोरड्या महिन्यांत त्याच गावातल्या बायका पिण्याच्या पाण्यासाठी दरीत उतरतात, हे तिने ठळक करून लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी बाटल्या क्रमाने मांडल्या. नंबर बरोबर लागत होते, तारखा मात्र एका ठिकाणी तुटल्या. बाटली ११, कन्याकुमारी, ८° ५′ उत्तर, २१ मे १९८४. बाटली १२, लोणार, नोव्हेंबर १९९१. मधे साडेसात वर्षं एकही बाटली नाही.

मला वाटलं, आम्ही लहान होतो, पैशाची ओढाताण होती, धाकट्याचं दुखणं होतं, म्हणून जमलं नसेल. धाकट्याला १९८४ च्या पावसाळ्यात पोलिओ झाला, सव्वा वर्षाचा असताना. उजवा पाय गेला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. मी आठ वर्षांची होते. मला त्या वर्षांचं एवढंच आठवतं की आई त्याला घेऊन सारखी मिरजेला जायची आणि मी आजीजवळ राहायची. मला वाटायचं त्याला फिरायला नेते, मला नेत नाही. हा राग माझ्यात पुष्कळ वर्षं होता. तो मी आईला कधी बोलून दाखवला नाही, आणि आता दाखवता येणार नाही.

वही क्रमांक तीन उघडली. साडेसात वर्षांची पानं कोरी असतील असं मी धरून चालले होते. एकही पान कोरं नव्हतं.

तारीख. कुठून: कराड. कुठे: मिरज. सुटली, पोहोचली, भाडं. पुढच्या ओळीत तेच. त्याच्या पुढच्या ओळीत तेच. पानामागून पान कराड–मिरज, कराड–मिरज. मी मोजल्या. १४२ फेऱ्या. हुबळीच्या ग्रहणासाठी जे रकाने, जी पट्टी, जी शाई, तीच मिरजेच्या दवाखान्यासाठी. आणि 'काय पाहिलं' हा रकानाही तिने सोडला नव्हता.

"प्लास्टर काढलं. पाय हातात घेतला तर पाखरासारखा हलका."

"भिलवडीपर्यंत झोपला."

"येरळेला पाणी आहे. त्याला दाखवलं. पाणी म्हणाला."

"आज रडला नाही. मी."

"नवा कॅलिपर. बुटाची टाच अर्धा इंच वाढवून घेतली."

"तीन पावलं. धरल्याशिवाय."

"ताकारीला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून विचारलं, इथली माती काळी का. ह्याचा पाय नाही, डोकं चालणार आहे."

ओगलेवाडीला कराडचं स्टेशन आहे, तिथून ती त्याला कडेवर घेऊन पॅसेंजरमध्ये चढायची. शाळेत सकाळचे तास घेऊन निघायची आणि रात्री परतायची. मिरजेत मालिश, विजेचा शेक, कडक झालेले स्नायू ताणायचे, मग ऑपरेशन, मग पुन्हा प्लास्टर. मधल्या दिवसांत घरी गरम पाण्याच्या पिशव्या आणि तिळाच्या तेलाने चोळणं, हे मी पाहिलेलं आहे. पाहिलं नव्हतं ते हे, की यातली एकेक फेरी ती लिहून ठेवत होती.

तो संबंध दिवस मी वही मांडीवर घेऊन बसून राहिले. संध्याकाळी सुरुवातीची पानं पुन्हा चाळली. कन्याकुमारीच्या सहलीला निघण्याआधीच्या पानावर, सामानाच्या यादीखाली, पेन्सिलीने एक ओळ होती.

"बाळाचा तिसरा डोस – आल्यावर."

मे १९८४ मध्ये तिने शाळेतल्या बाईंबरोबर सर्क्युलर तिकीट काढून मद्रास, रामेश्वर, धनुष्कोडी, कन्याकुमारी असा प्रवास केला होता. धाकट्याचे पोलिओचे दोन डोस झाले होते. तेव्हा लसीचा दिवस महिन्यातून एकदा असायचा, मे महिन्यातला तो दिवस ती प्रवासात असताना गेला. जूनमध्ये त्याला खोकला होता म्हणून परत पाठवलं, हे मावशीने नंतर सांगितलं. जुलैत ताप आला.

म्हणजे साडेसात वर्षं ती कुठे गेली नाही याचं कारण पैसा नव्हतं.

मला पहिल्यांदा ते पान फाडून टाकावंसं वाटलं. नंतर वाटलं, धाकट्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. दोन आठवडे मी त्याला वही तीनबद्दल काही सांगितलं नाही, चेरापुंजीचंच काम चालू आहे म्हणत राहिले.

त्या दिवसांत मी कराडच्या एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांकडे गेले. आमच्या लहानपणापासूनची ओळख. त्यांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तीन डोस पुरे, असं पुस्तकात होतं. आपल्याकडे ते तोंडावाटेचं औषध तितकं लागू पडत नव्हतं. तिन्ही डोस घेतलेल्या मुलांना पोलिओ झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून तर पल्स पोलिओत पुन्हा पुन्हा, पाच वर्षांपर्यंत, डोस दिले. त्या तिसऱ्याने तो वाचलाच असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." मी विचारलं, हे तुम्ही आईला कधी सांगितलंत का. ते म्हणाले, "तिने विचारलंच नाही कधी. बूथवर मात्र दरवर्षी भेटायची."

बूथवरची आई मला चांगली आठवते. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी ती शाळेच्या पडवीत टेबल मांडून बसली. पुढच्या वर्षांत मुलाला डोस दिला की डाव्या करंगळीवर शाईची खूण. बूथच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघर, दारावर खडूने 'पी', म्हणजे सगळ्या मुलांना डोस झाला, किंवा 'एक्स', म्हणजे कुणी राहिलं. 'एक्स'च्या घरी ती दुसऱ्यांदा जायची, तिसऱ्यांदा जायची. वीटभट्टीवरच्या पालांत, ऊसतोड्यांच्या टोळीत, जिथे नोंदवही पोहोचत नाही तिथे. निवृत्त झाल्यावरही गेली. लोक म्हणायचे, बाईंचं स्वतःचं मूल आहे ना, म्हणून. मीही तेवढंच समजत होते.

१३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यातल्या एका मुलीला झालेला पोलिओ हा नैसर्गिक विषाणूने झालेला देशातला शेवटचा. तीन वर्षं तसा नवा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. वही आठमध्ये त्या तारखेची एक ओळ आहे. कुठून, कुठे, सुटली, पोहोचली, भाडं या रकान्यांत आडव्या रेघा. शेवटच्या रकान्यात: "आज जाहीर झालं."

अखेर एप्रिलमध्ये धाकटा कोल्हापूरहून आला तेव्हा मी वही तीन त्याच्यापुढे ठेवली, ते पान उघडून. त्याने ओळ वाचली. कुबडी भिंतीला टेकवली, खाली बसला, आणि म्हणाला, "मला माहितीय ताई. तिने मला सांगितलंय."

"कधी?"

"ग्रीनिचला."

ग्रीनिचची गोष्ट आमच्या घरातली आवडती गोष्ट. २०१२ मध्ये धाकटा कंपनीच्या कामासाठी लंडनला होता आणि त्याने आईला बोलावून घेतलं. ती पहिल्यांदाच देशाबाहेर गेली. तिला बाकी काही बघायचं नव्हतं, शून्य रेखावृत्त बघायचं होतं. जन्मभर फळ्यावर काढलेली रेघ. वेधशाळेच्या आवारात धातूची पट्टी आहे, तिच्या दोन बाजूंना पाय ठेवून लोक फोटो काढतात. आईनेही काढला. एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिम. पण धाकट्याच्या फोनवर शून्य येईना. उपग्रहांच्या मोजणीतलं शून्य त्या पट्टीच्या पूर्वेला सुमारे १०२ मीटरवर पडतं, हे त्याने तिला सांगितलं, आणि मग आई काही पट्टीवर थांबायला तयार नव्हती. दोघं खऱ्या शून्याकडे चालत गेले. बागेतल्या पायवाटेजवळ फोनवर शून्य आलं, तिथे ना पट्टी ना पाटी. तिथली चिमूटभर माती बाटली ५८ मध्ये आहे. ही गोष्ट मला अशीच माहीत होती.

"पट्टीजवळच्या बाकावर बसलो होतो," धाकटा म्हणाला. "तिने तिथे सांगितलं. वर्गात सांगायची तसं. तारीख, वार, लसीचा दिवस कोणता होता, आपण कुठे होतो. रडली नाही, माफी मागितली नाही. एवढंच म्हणाली, तुला हे माझ्याकडून कळायला हवं, दुसऱ्या कुणाकडून नको."

"तू काय म्हणालास?"

"मला काय बोलावं सुचेना. फोन पुढे केला. म्हटलं, आई, इथे शून्य नाहीये, चल, खरं शोधू."

मी त्याला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे तिला कळायला हवं होतं. मग वही जवळ ओढून मिरजेची पानं वाचायला लागला. तो ती पहिल्यांदाच बघत होता. एका ठिकाणी थांबला आणि डोळे मिटून भराभर म्हणायला लागला, "शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, माधवनगर, सांगली, विश्रामबाग, मिरज." पाढा म्हणावा तसं. त्याला बोलता यायला लागलं ते ही नावं म्हणत. किर्लोस्करवाडी नीट म्हणता आलं त्या दिवशी आईने गाडीतल्या अनोळखी माणसांनासुद्धा शेंगदाण्याचे लाडू वाटले होते, म्हणे. वहीत त्याचीही नोंद सापडली. तारीख आहे, लाडू किती ते आहे.

लोणार ही तिची नंतरची पहिली बाटली का, हेही त्याच्याकडूनच कळलं. त्या दिवाळीत तो आठ वर्षांचा होता. कॅलिपर लावून जिन्याच्या दोन पायऱ्या आपल्या आपण उतरला, तेव्हा आईने त्याला विचारलं, उल्का पडून झालेला खड्डा बघायचा का? जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आहे, आत खारं पाणी आहे. मलाही नेलं. काठावरून तळापर्यंत धाकटा अर्धा चालत, अर्धा आईच्या पाठीवर. त्यानंतर तिने एकही प्रवास आम्हाला सोडून केला नाही, आम्ही दोघं मोठे होऊन आपापल्या मार्गाला लागेपर्यंत. २४ ऑक्टोबर १९९५ चं ग्रहण, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं, आम्ही तिघांनी फत्तेपूर सिक्रीला पाहिलं. सकाळी साडेआठच्या सुमाराला. खग्रास एक मिनिटभरही टिकलं नाही. मी आकाशाकडे बघत होते. धाकटा सांगतो, आई आमच्याकडे बघत होती.

त्या ओळीचं काय करायचं यावर आमचं दुमत झालं. मी म्हणत होते, ही घरातली गोष्ट आहे, दीड-दोनशे लोकांच्या हातात कशाला द्यायची? तिच्या विद्यार्थ्यांच्या मनात बाईंची जी प्रतिमा आहे तिला का हात लावायचा? धाकटा म्हणाला, "तिने ते पान फाडलं नाही ताई. चाळीस वर्षं तिच्याकडे होतं. फाडता आलं असतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी तो म्हणाला, ओळ छाप, आणि तिच्याखाली डॉक्टरांचं म्हणणंही छाप, जसंच्या तसं. तसं केलं.

बाटल्या पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेला दिल्या, गुरुजींनी त्यांच्यासाठी खास मांडणी करून घेतली. ११ नंबरची आणि ५८ नंबरची मात्र ठेवून घेतली. एक माझ्याकडे आहे, एक धाकट्याकडे.

पुस्तिकेच्या मधल्या दोन पानांवर भारताचा नकाशा घ्यायचा आणि त्यावर आईचे सगळे प्रवास काढायचे, हे काम धाकट्याने अंगावर घेतलं. दहावीला आई एक नकाशा शिकवायची: ज्या रस्त्यावर वाहतूक जास्त तिथे रेष जाड, कमी तिथे बारीक, आणि जाडी मनाने नाही, मोजून. धाकट्याने प्रमाण ठरवलं, दहा फेऱ्यांना एक मिलिमीटर. कन्याकुमारी, जैसलमेर, चेरापुंजी, लेह, सगळीकडे केसासारख्या रेषा गेल्या. नकाशा त्याने छापखान्यात पाठवला.

वर्षश्राद्धाला आठ दिवस होते. छापखान्यातून फोन आला तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसले होते, त्याने स्पीकर लावला.

"साहेब, हे कराड ते मिरज काहीतरी गडबड झालीय. रेष लांबीपेक्षा रुंद आलीय. सांगली, कोल्हापूर, दोन्ही खाली झाकलं गेलंय. कड समुद्रापर्यंत जातेय. बारीक करून घेऊ का?"

"नको," धाकटा म्हणाला. "बरोबर आहे ती. गावांची नावं तेवढी बाजूला घ्या."